स्टार्चचे प्लॅस्टिक आणि त्यातून वाहणारी वीज

उन्हाळ्यात कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजवताना पातेल्यात जे घडते, तेच जैवप्लॅस्टिकच्या कारखान्यातही घडते, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. दुधासारखे पांढरे पाणी ढवळता ढवळता एका क्षणी घट्ट होते, त्याला चकाकी येते आणि ढवळणाऱ्या हाताला ओढ जाणवू लागते. तोच चीक पातळ पसरून वाळवला, तर अर्धपारदर्शक, कडक पापुद्रा मिळतो. फरक एवढाच, की कुरडई वाकवली की मोडते आणि प्लॅस्टिकने वाकले पाहिजे. त्यासाठी शिजवतानाच त्यात थोडे ग्लिसरीन घालतात. धान्य, कंद किंवा बिया यांतील स्टार्चपासून बनणाऱ्या प्लॅस्टिकचे मूलतत्त्व इतके साधे आहे.

याच पापुद्र्यातून वीज वाहून नेता येईल का, हा प्रश्न मात्र साधा नाही. प्लॅस्टिक म्हटले की विजेच्या तारेवरचे वेष्टन, म्हणजे विजेला अडवणारी वस्तू, हेच डोळ्यांपुढे येते. तरीही जगभरच्या प्रयोगशाळांतून वाहक जैवप्लॅस्टिकचा पाठपुरावा चालू आहे आणि त्यामागे निकडीचे कारण आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर’ या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रांकित झालेला कचरा २२.३ टक्के होता. उरलेल्यात धातू तर होतेच. पण वर्षानुवर्षे न कुजणाऱ्या प्लॅस्टिकचा भागही मोठा होता. काही दिवसांपुरती लागणारी वैद्यकीय पट्टी, माल पोहोचेपर्यंत लागणारा संवेदक किंवा चिपचे वेष्टन यांसाठी शतकभर टिकणारा पदार्थ वापरणे शहाणपणाचे नाही. जो काम संपल्यावर मातीत मिसळेल आणि काम असेतो वीज वाहील, असा पदार्थ हवा आहे.

स्टार्चची जडणघडण

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची साखळी. ती दोन प्रकारची असते. सरळ, जवळजवळ बिनफांद्यांच्या साखळीला अमायलोज आणि झाडासारख्या फांद्या फुटलेल्या साखळीला अमायलोपेक्टिन म्हणतात. मक्याच्या स्टार्चमध्ये अमायलोज साधारण २५ टक्के, बटाट्यात सुमारे २० टक्के, तर ज्याच्यापासून आपला उपवासाचा साबुदाणा होतो त्या टॅपिओकात १७ टक्क्यांच्या आसपास असते. ‘वॅक्सी’ मका नावाच्या जातीत ते जवळपास नसतेच. पापुद्रा मजबूत हवा असेल तर अमायलोज जास्त असलेला स्टार्च निवडावा लागतो. सरळ साखळ्या एकमेकींलगत नीट बसतात. फांद्यांच्या साखळ्यांना ते जमत नाही.

कोरडा स्टार्च नुसता तापवला, तर वितळण्याआधीच तो करपू लागतो. पाणी असेल तर मात्र ६० ते ७५ अंश सेल्सियसच्या दरम्यान त्याचे कण फुगतात, फुटतात आणि साखळ्या मोकळ्या होतात. ग्लिसरीनचे छोटे रेणू या मोकळ्या साखळ्यांच्या मध्ये शिरून त्यांना पुन्हा घट्ट चिकटू देत नाहीत. पाणी उडून गेले तरी ग्लिसरीन मागे राहते, कारण त्याचा उत्कलनबिंदू २९० अंश आहे. कारखान्यात हेच काम स्क्रू फिरणाऱ्या यंत्रात, दाबाखाली आणि अधिक तापमानाला होते. तयार होणाऱ्या पदार्थाला थर्मोप्लॅस्टिक स्टार्च असे नाव आहे. इटलीतील नोव्हामाँट ही कंपनी स्टार्चवर आधारलेले ‘मॅटर-बी’ नावाचे प्लॅस्टिक अनेक वर्षे बाजारात विकत आहे. तेव्हा हा केवळ प्रयोगशाळेतला खेळ राहिलेला नाही.

या पदार्थाचे दोन स्वभावदोष लक्षात ठेवावे लागतात. पहिला म्हणजे शिळ्या भाकरीचा दोष. रात्रीची भाकरी सकाळी कडक होते, कारण मोकळ्या झालेल्या साखळ्या पुन्हा रांगेत येऊन बसतात. स्टार्चचा पापुद्राही महिन्या-दोन महिन्यांत असाच कडक होत जातो. दुसरा दोष पाण्याचा. स्टार्च हवेतला ओलावा शोषतो. साध्या कोरड्या दिसणाऱ्या पिठीतही १० ते १८ टक्के पाणी असते. मुंबईच्या जुलैत हा पापुद्रा लिबलिबीत होतो आणि नागपूरच्या मे महिन्यात तडकतो. वाहकतेच्या साऱ्या चर्चेत हे पाणी वारंवार आडवे येते.

वीज वाहावी कशी?

तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन असतात, म्हणून त्यातून वीज वाहते. स्टार्चच्या साखळीत असे मोकळे इलेक्ट्रॉन नसतात. त्यातील प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या बंधाला बांधलेला असतो. म्हणून स्टार्चला ‘वाहक बनवायचे’ याचा खरा अर्थ असा, की स्टार्चच्या घरात दुसऱ्या कोणाला तरी राहायला बोलवायचे आणि वीज त्याच्याकरवी वाहवायची. हा पाहुणा तीन प्रकारचा असू शकतो: क्षार, कार्बन किंवा वाहक बहुवारिक.

यांपैकी क्षाराची वाट सर्वांत स्वस्त. शिजणाऱ्या स्टार्चमध्ये एखादा क्षार विरघळवला, की त्याचे धन आणि ऋण आयन सुटे होतात. स्टार्चच्या साखळीवरील ऑक्सिजनचे अणू धन आयनांना हलकेच धरून ठेवतात आणि सोडतात. आयन एका ऑक्सिजनकडून दुसऱ्याकडे असे सरकत जातात. बहुवारिक आणि क्षार यांच्या मिश्रणातून आयन वाहतात, हे पीटर राइट यांनी १९७३ मध्ये पॉलिएथिलीन ऑक्साइड या कृत्रिम पदार्थात दाखवून दिले आणि पुढे त्याच दशकात मिशेल आर्माँ यांनी असे पदार्थ बॅटरीत वापरण्याची कल्पना मांडली. स्टार्च हा त्याच कल्पनेचा शेतातून येणारा वारसदार. लिथियमचे किंवा अमोनियमचे क्षार आणि पुरेसे ग्लिसरीन घातलेल्या स्टार्चच्या पापुद्र्याची वाहकता सर्वसाधारणपणे प्रति सेंटिमीटर एक लक्षांश ते एक सहस्रांश सीमेन्स इतकी मिळते. तांब्याची वाहकता सुमारे ६ लाख सीमेन्स आहे. म्हणजे स्टार्चचा उत्तम नमुनाही तांब्याहून सुमारे ६० कोटी पटींनी मागे. पण बॅटरीत किंवा सुपरकपॅसिटरमध्ये दोन विद्युतअग्रांच्या मधला थर म्हणून एवढी वाहकता उपयोगी पडते. तिथे तांब्याची गरजच नसते, किंबहुना तांबे तिथे चालणारच नाही.

या वाटेची अडचण उघड आहे. आयनांना सरकायला साखळ्यांची हालचाल आणि ओलावा लागतो. पापुद्रा जितका मऊ व ओलसर, तितका तो चांगला वाहक. आणि जितका मऊ व ओलसर, तितका तो दुबळा. वाहकता व मजबुती यांतले एक वाढवले की दुसरे घटते. चिटोसानसारखे दुसरे नैसर्गिक बहुवारिक मिसळून किंवा साखळ्यांना आडवे टाके घालून यात तडजोड साधली जाते. पण ती तडजोडच असते.

घमेल्यांची रांग

दुसरी वाट कार्बनची. ग्राफाइट, कार्बन ब्लॅक म्हणजे कारखान्यात बनवलेली बारीक काजळी, कार्बनच्या नॅनोनलिका किंवा ग्राफीन यांचे कण स्टार्चमध्ये मिसळायचे. येथे आयन नव्हे, तर इलेक्ट्रॉनच वाहतात.

मात्र कार्बन मिसळत गेल्यावर वाहकता हळूहळू वाढत नाही. बराच वेळ काहीच होत नाही आणि एका विशिष्ट प्रमाणाला ती एकदम उसळी घेते. इमारतीचा स्लॅब टाकताना मजुरांची रांग घमेली हातोहात वर पोहोचवते, ती आठवावी. रांगेत मध्ये दोन माणसे कमी असली, तर उरलेले कितीही कष्टाळू असोत, वर एकही घमेले पोहोचत नाही. रांग पूर्ण झाली, की काम सुरू. कार्बनचे कण एकमेकांना टेकून पापुद्र्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड साखळी ज्या प्रमाणाला तयार होते, त्याला पर्कोलेशनचा उंबरठा म्हणतात. या गणिताचा पाया ब्रॉडबेंट आणि हॅमर्स्ली यांनी १९५७ मध्ये घातला. गोल कण स्वैर विखुरलेले असतील, तर हा उंबरठा आकारमानाने साधारण १६ टक्क्यांवर येतो. कण लांब व सडपातळ असतील, तर कमी कणांत लांबची रांग होते; म्हणून नॅनोनलिकांचा उंबरठा एका टक्क्याच्याही खाली जाऊ शकतो. अर्थात त्या नलिका नीट विलग झाल्या तरच. नलिकांना एकमेकींत गुंतून गोळा होण्याची खोड असते आणि गोळा झालेल्या नलिका म्हणजे एका कोपऱ्यात गप्पा मारत बसलेले मजूर. येथे स्टार्च स्वतः मदतीला येतो. अमायलोजची साखळी नलिकेभोवती गुंडाळून बसू शकते आणि तिला पाण्यात विखुरलेली ठेवते.

आयोडीनची जुनी ओळख

तिसरी वाट समजण्यासाठी शाळेतल्या एका प्रयोगाकडे वळावे लागते. बटाट्याच्या कापावर आयोडीनचा थेंब टाकला की गडद निळा रंग येतो, हे सातवी-आठवीतल्या मुलालाही ठाऊक असते. १८१४ पासून ज्ञात असलेल्या या रंगाचे कारण असे, की अमायलोजची साखळी जिन्यासारखा पीळ घेते, प्रत्येक वळणात ग्लुकोजचे सहा घटक असतात आणि त्या पोकळीत आयोडीनचे अणू एका रांगेत जाऊन बसतात.

हेच आयोडीन पुढे एका मोठ्या शोधात महत्त्वाचे ठरले. हिदेकी शिराकावा, ॲलन मॅकडायरमिड आणि ॲलन हीगर यांनी पॉलिॲसिटिलीन या बहुवारिकाच्या चंदेरी पापुद्र्याला हॅलोजन वायूंची, म्हणजे ब्रोमीन, आयोडीन यांची, वाफ दिली, तेव्हा त्याची वाहकता कोट्यवधी पटींनी वाढली. १९७७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि २००० साली तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्लॅस्टिक वीज वाहू शकते, हे त्या दिवसापासून सर्वमान्य झाले. स्टार्चला हाच उपाय मात्र लागू पडत नाही. पॉलिॲसिटिलीनच्या साखळीत एकाआड एक दुहेरी बंध असतात आणि त्यांतून इलेक्ट्रॉनला पळायला वाट मिळते. स्टार्चमध्ये असे बंध नाहीत. आयोडीनने स्टार्च निळा होतो, पण त्याची साखळी वाहक होत नाही.

म्हणून असे दुहेरी बंध असलेले दुसरे बहुवारिक स्टार्चमध्ये मिसळतात. त्यांत पॉलिॲनिलिन सर्वांत परिचित. त्याच्या नावात आपल्याच मातीतला एक शब्द दडलेला आहे. ॲनिलिन हे द्रव्य १८२६ मध्ये प्रथम नीळ तापवून मिळवले गेले आणि संस्कृत ‘नील’ अरबी व पोर्तुगीज वळणांनी ‘अनिल’ होऊन त्याच्या नावात बसला. स्टार्चच्या आम्लयुक्त द्रावणात ॲनिलिन घालून त्यावर अमोनियम परसल्फेटची क्रिया केली, की हिरवे पॉलिॲनिलिन तयार होते आणि स्टार्चमध्ये विखुरले जाते. आम्ल असेतो ते हिरवे व वाहक असते. अल्कली लागली की निळे व रोधक होते. हा दुबळेपणा नव्हे, उलट यातच त्याचा उपयोग आहे. मासळी खराब होऊ लागली, की तिच्यातून अमोनियासारखे अल्कलीधर्मी वायू सुटतात. वेष्टनात पॉलिॲनिलिनचा पापुद्रा असेल, तर त्याचा रंग आणि वाहकता दोन्ही बदलतात आणि डोळ्यांत, कल्ल्यांत न पाहताही मासळीचा ताजेपणा कळू शकतो. कोळिणीच्या नजरेला तो पर्याय होईल की नाही, हा भाग वेगळा.

घरगुती प्रयोग

कॉर्नफ्लोर १० ग्रॅम, पाणी ६० मिलिलिटर, ग्लिसरीन ५ मिलिलिटर आणि व्हिनेगर ५ मिलिलिटर मंद आचेवर ढवळत शिजवून ताटलीवर पातळ पसरले, की एक-दोन दिवसांत पापुद्रा सुटून येतो. व्हिनेगरमधील आम्ल फांद्यांच्या काही साखळ्या तोडून मिश्रण एकजीव करायला मदत करते. एका ताटलीत चिमूटभर मीठ आणि दुसरीत भरपूर ग्राफाइट भुकटी घालून दोन पापुद्रे केले आणि दोहोंचा रोध मल्टिमीटरवर मोजला, तर वरची सारी चर्चा काट्यावर दिसते. ग्राफाइटच्या पापुद्र्याचा आकडा स्थिर राहतो. मिठाच्या पापुद्र्याचा आकडा सरकत जातो, कारण एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहात आयन टोकांशी साचून राहतात. म्हणूनच प्रयोगशाळेत आयनवाहक पापुद्र्याची वाहकता उलटसुलट दिशा बदलणाऱ्या प्रवाहाने मोजतात. मल्टिमीटरचा सरकता आकडा पाहून निष्कर्ष काढणे ही या विषयातल्या नवख्यांची नेहमीची चूक. असा पापुद्रा छोट्या बॅटरीलाच जोडावा. घरातल्या विजेच्या जोडणीशी त्याचा संबंध येऊ देऊ नये. कार्बनची बारीक भुकटी श्वासात जाणार नाही, याचीही काळजी घ्यावी.

कुजण्याचा हिशेब

येथपर्यंत सारे उत्साहवर्धक आहे. पण ज्या कारणासाठी हा खटाटोप, तो हेतू साध्य होतो का, हा प्रश्न अनेक लेखांत सोयीस्करपणे बाजूला राहतो. औद्योगिक खतभट्टीत विघटन होणाऱ्या वेष्टनांसाठी युरोपात ईएन १३४३२ हे मानक आहे. त्यातील जैवविघटनाची कसोटी अशी, की सहा महिन्यांच्या आत पदार्थातील ९० टक्के कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे. भारतात आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे आणि २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार विघटनशील प्लॅस्टिकच्या उत्पादकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

आता हिशेब करून पाहावा. स्टार्चच्या वजनात कार्बन सुमारे ४४ टक्के असतो. काजळी मात्र जवळजवळ शुद्ध कार्बन. शंभर ग्रॅम पापुद्र्यात २० ग्रॅम काजळी घातली, तर स्टार्चकडून ३५ ग्रॅम आणि काजळीकडून २० ग्रॅम कार्बन येतो. म्हणजे एकूण कार्बनपैकी ३६ टक्के भाग असा, की ज्याला जंतू हात लावत नाहीत. नुसती ५ टक्के काजळी घातली, तरी न कुजणारा कार्बन १० टक्क्यांच्या पलीकडे जातो. स्टार्च पूर्णपणे कुजला, तरी हा पापुद्रा कसोटीवर उतरणार नाही. शिवाय बाजारातील काजळी बहुधा खनिज तेलाच्या जड भागातून बनते. नॅनोनलिका एक टक्क्यात भागतात, म्हणून आकड्यांत त्या पास होतात. पण त्या मातीत उरतातच. पॉलिॲनिलिनही सहजासहजी कुजत नाही. तेव्हा ‘स्टार्चचे आहे, म्हणून निसर्गस्नेही’ हे विधान वाहक प्लॅस्टिकच्या बाबतीत तपासल्याशिवाय मान्य करता येत नाही. या कसोटीवर तीनही वाटांपैकी क्षाराची वाट सर्वांत स्वच्छ ठरते, तीही क्षार निरुपद्रवी असेल तर. नारळाच्या करवंटीसारखा जैविक माल हवेशिवाय उच्च तापमानाला तापवून केलेला वाहक कोळसा हा काजळीला पर्याय आहे. त्याने खनिज तेलाचा प्रश्न सुटतो, पण कुजण्याचा नाही.

अशीच गल्लत पॉलिलॅक्टिक आम्लाच्या बाबतीतही होते. मक्याच्या स्टार्चपासून साखर, साखरेपासून लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून हे प्लॅस्टिक बनते. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात २००२ मध्ये त्याचा मोठा कारखाना सुरू झाला. कार्बन मिसळलेली त्याची वाहक तार आज त्रिमितीय मुद्रणासाठी विकत मिळते आणि हौशी लोक तिच्यापासून छोटे स्विच, संवेदक छापतात. मूळ स्टार्चमधले असले तरी रासायनिकदृष्ट्या हे स्टार्च राहिलेले नसते. ओलाव्याने ते लिबलिबीत होत नाही, मात्र घरामागच्या खड्ड्यात चटकन कुजतही नाही. त्याला खतभट्टीची उष्णता लागते.

कोठे उपयोगी पडेल?

सर्वांत जवळचा उपयोग स्थितिक विजेपासून संरक्षणाचा. कोरड्या थंडीत लोकरी स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तेव्हा हजारो व्होल्टचा दाब निर्माण झालेला असतो. माणसाला साधारण ३,००० व्होल्टपर्यंतचा झटका जाणवतच नाही. काही नाजूक चिप मात्र १०० व्होल्टनेही निकामी होतात. म्हणून त्या विशिष्ट वेष्टनात ठेवतात. या वेष्टनाला तांब्यासारखे वाहक असण्याची गरज नसते. साचलेला भार हळूहळू निघून जाईल इतकी वाहकता पुरे. स्टार्च तेवढी सहज देऊ शकतो. पण येथेही पाणी आडवे येते. क्षारयुक्त स्टार्चची वाहकता कोरड्या हवेत घटते आणि स्थितिक विजेचा त्रास नेमका कोरड्या हवेतच होतो. सध्याच्या गुलाबी प्लॅस्टिकच्या पिशव्यांनाही हाच दोष आहे. त्याही हवेतल्या ओलाव्यावर अवलंबून असतात.

अंगावर लावायच्या वैद्यकीय पट्ट्यांची गोष्ट उलट आहे. त्वचा स्वतःच ओलसर असते, पट्टीचे काम काही तासांचे असते आणि त्वचेला स्टार्च सहसा बाधत नाही. शेतात ठेवायचे ओलाव्याचे संवेदक हेही असेच. ओलाव्याने वाहकता बदलते, हा दोष तिथे मोजण्याचे साधन होतो.

उरतो कच्च्या मालाचा प्रश्न. मका, बटाटा, टॅपिओका ही माणसाची आणि जनावरांची अन्ने. ती प्लॅस्टिककडे वळवली, तर भावांवर ताण येणारच. त्यामुळे आंब्याच्या कोयीतील गर, फणसाच्या आठळ्या, बटाट्याच्या प्रक्रियेतले वाया जाणारे पाणी अशा स्रोतांकडे अभ्यासकांचे लक्ष आहे. कोकणात आंब्याचा रस काढणाऱ्या कारखान्यांबाहेर हंगामात कोयींचे ढीग लागतात आणि त्या गरात स्टार्च भरपूर असतो. पण कोयीतला स्टार्च वेगळा करण्यासाठी त्यातील तेल व टॅनिन आधी काढावे लागते, माल वर्षातून दोन-तीन महिनेच मिळतो आणि जातीनुसार अमायलोजचे प्रमाण बदलत जाते. ते बदलले, की पापुद्र्याची ताकद बदलते, त्यात मुरणारा ओलावा बदलतो आणि त्याबरोबर वाहकताही.